बॅजर क्रीकची खबर

बॅजर क्रीक
रविवार, ११ जानेवारी १९९८

आर्डिस,

पत्र पोचलं. तुमच्या वाळवंटात जानेवारीतही गुलाब फुलतात हे तू दर पत्रात कळवतेस. कळलं. इथे काल दोरीवर टाकलेली चादर फळीसारखी ताठ झाली, ती काखेत धरून घरात आणावी लागली. तुझे गुलाब तुला लखलाभ.

तू विचारतेस ते आधी सांगते, नाहीतर बाकीचं तू वाचायचीच नाहीस. लायल बरा आहे. पाचही दिवस सहाच्या बातम्यांना बघितला. सोमवारी नाक चोंदलं होतं, ‘मका’ म्हणायचं तर ‘बका’ ऐकू येत होतं. बुधवारपर्यंत सुटलं. गुरुवारी तू पाठवलेला निळा टाय होता. केस कापायला झालेत, कानांवर आलेत. डुकरांचे भाव पडले ते त्याने असं सांगितलं, जणू त्याच्याच गोठ्यातली डुकरं. तुझ्या लेकाचं तेवढं मला आवडतं. दुसऱ्याचं दुःख तोंडावर घेतो, पण गळा काढत नाही.

मेसात चॅनल नऊ दिसत नाही म्हणून तू माझे डोळे उसने घेतलेस. माझा भाऊ गेला, तू उन्हात जाऊन बसलीस, आणि तेव्हापासून मी रोज सहाला हातातलं काम टाकून तुझ्या लेकासमोर बसते. एवढी मी माझ्या नवऱ्यासमोर कधी बसले नाही.

चॅनल म्हणे कुणा दूरच्या कंपनीने विकत घेतलं. कुठली कंपनी ते इर्विनलाही माहीत नाही, आणि तो म्हणे पेपर चालवतो.

त्याचा सेंटिनल मिळतो ना? त्यातल्या माझ्या खबरीत या आठवड्यात चारच ओळी आल्या. मी कोण कुणाकडे जेवायला गेलं ते लिहिते. कुणी कुठे गेलंच नाही तर काय लिहू? अर्धी घरं बंद पडलीत, उरलेल्यांची तोंडं बंद आहेत. इर्विन म्हणाला, “व्हर्ना, जरा फुलव की.” म्हटलं, “फुलवायला मी यीस्ट आहे काय? झालं तेवढं छापायचं.” सहावीत शाळा सुटलेल्या बाईला एवढंच जमतं. माझी नात परवा फोनवर विचारते, “आजी, हे वाचतं तरी कोण?” तिला म्हटलं, “ज्याला वाचायचं तो.”

कंबरेला तेल लाव.

व्हर्ना


मेसा, अॅरिझोना
रविवार, २५ जानेवारी

प्रिय व्हर्ना,

तुझा तो ‘बका’ मी इथे सगळ्यांना वाचून दाखवला. शेजारची मॅव्हिस तर हसून हसून डोळे पुसायला लागली. इथे प्रत्येकीचा मुलगा काहीतरी आहे. कुणाचा दात काढतो, कुणाचा जमिनी विकतो. टीव्हीवर मात्र एकटा माझाच. तू म्हणशील, आर्डिसचं नाक वर झालंय. झालं असेल. या वयात एवढी एकच गोष्ट वर राहिलीय.

मी काय करते ते सांगू? हसू नकोस. तुमच्याकडे सहा वाजतात तेव्हा इथे पाच होतात. मी कॉफी घेऊन खुर्चीत बसते. टीव्ही लावत नाही. आता तो कागद सरळ करत असेल, आता ‘टॅलमनकर हो, नमस्कार’ म्हणत असेल, असं मनात धरते. मॅव्हिस म्हणते, वेड लागलंय तुला. लागू दे. त्या अर्ध्या तासात माझं पोर कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक असतं. किती आयांना असं सांगता येतं?

केस कापायला सांग. तो तुझं ऐकतो. माझं फक्त ‘हो आई’ म्हणतो.

सेंटिनल इथे आठवडाभराने येतो. मी आधी तुझी खबर वाचते, मग मयतीच्या बातम्या. चार ओळींनी माझं काय होणार? कोण आलं, काय खाल्लं, कधी उठलं, सगळं लिही. मला त्यातच गाव दिसतं.

कंबर आहे तशीच आहे. म्हातारपणाला काहीतरी काम हवंच.

तुझी
आर्डिस


टॅलमन
शनिवार, ७ फेब्रुवारी

आत्या,

हे मी तुला तोंडाने सांगू शकत नाही, म्हणून लिहितो.

काल दहाच्या बातम्या संपवून खाली आलो तर मालकांचा माणूस माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसला होता. म्हणाला, सोमवारपासून यायला नको. आता बातम्या दुसऱ्या शहरातून वाचल्या जाणार. मध्ये पाच मिनिटं टॅलमनची घालतील. ती वाचणारी मुलगी टॅलमनला कधी आलेली नाही. माझ्याबरोबर कॅमेऱ्याची माणसं गेली, हवामान सांगणारा गेला. खाली दाराशी बसणारा तेवढा राहिला, कारण दार अजून आहे.

आत्या, एकच मागणं आहे. आईला पत्रात यातलं काही लिहू नकोस. फोनवर बोलू नकोस. तिची कंबर, तिचं वय, आणि तिथे तिने सगळ्यांना माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलंय ते तुला माहीत आहे. दुसरीकडे काम लागलं की मी स्वतः जाऊन सांगेन. तोवर रविवारच्या फोनवर मी सांभाळून घेतो.

वचन दे.

लायल


बॅजर क्रीक
सोमवार, ९ फेब्रुवारी

लायल,

आज सहाला बसले. त्या पोरीने आपल्याला ‘बीव्हर क्रीक’ म्हटलं. मी सेट बंद केला. दात तेवढे छान आहेत तिचे.

पत्रात लिहिणार नाही, फोनवर बोलणार नाही. दिलं वचन. माझं मत तू विचारलं नाहीस, तरी सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण मूठ फार दिवस झाकून ठेवली की बोटं आखडतात. तुझी आई दिसते तेवढी काचेची नाही. माझ्या भावाबरोबर तिने इतकी वर्षं काढली, त्यावरूनच ओळख.

घरात एकटा बसून त्या खुर्चीचा विचार करू नकोस. मंगळवारी इकडे ये. खिमा-बटाटा भट्टीत भाजून हॉटडिश करते, एकटीने संपत नाही आणि कुत्रंही आता खात नाही. सहालाच ये. सेट बंद असेल.

केस काप.

आत्या


बॅजर क्रीक
रविवार, १५ फेब्रुवारी

आर्डिस,

लायलला या आठवड्यातही बघितलं. अंगात राखाडी कोट होता. केस अजून तसेच. थोडा बारीक झालाय, पण भूक आहे. आवाज स्वच्छ आहे.

थंडी तीच. चर्चच्या तळघरातला नळ फुटला आणि पास्टर बादली घेऊन धावला. देवाने त्याला पहिल्यांदाच काम करताना बघितलं असेल.

यापुढे खबर नीट वाचत जा. तू म्हणालीस म्हणून लांब लिहिते आहे.

व्हर्ना


टॅलमन सेंटिनल, बुधवार, २५ फेब्रुवारी
बॅजर क्रीकची खबर
पाठवणार: श्रीमती व्हर्ना ब्रँडव्होल्ड

रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी झाली. सफरचंदाचा केक सौ. एन्गेबो यांचा होता. तो खालून करपला होता, पण संपला.

श्री. नेल्स फॉस यांचा कुत्रा परत आला. कुठे होता ते कळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता टॅलमनचे लायल टॉलफसन व्हर्ना ब्रँडव्होल्ड यांच्याकडे जेवायला होते. मागच्या मंगळवारीही होते. दोन्ही वेळा उशिरापर्यंत थांबले.


मेसा, अॅरिझोना
बुधवार, ११ मार्च

प्रिय व्हर्ना,

पत्र लहान आहे, फार वेळ बसून लिहवत नाही. काळजी करू नकोस, कंबरेचंच दुखणं वर सरकलंय.

खबर वाचली. नेल्सचा कुत्रा आला हे बरं झालं.

तू हॉटडिशमध्ये मीठ कमी घालतेस. पूर्वीपासून घालतेस, मी कधी बोलले नाही. लायलला थोडं जास्त लागतं. वरचा थर चांगला लाल होऊ दे, त्याला कडेचं कुरकुरीत आवडतं, आणि तो ते मागून घेणार नाही. लहानपणीसुद्धा मागायचा नाही. ताटाकडे बघत बसायचा.

तिथे अजून बर्फ आहे ना? मला इथे बर्फाची आठवण येते, असं कुणाला सांगितलं तर हसतात.

तुझी
आर्डिस


बॅजर क्रीक
सोमवार, २३ मार्च

लायल,

खबरीत तुझं नाव छापलं म्हणून तू परवा माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून ओरडलास, आणि मी ओरडू दिलं, कारण तुला कुणावर तरी ओरडायचंच होतं. आता माझं ऐक. तू पत्रात नको म्हणालास, फोनवर नको म्हणालास. पेपरात नको म्हणाला नव्हतास. माझ्या घरी जो जेवतो तो खबरीत येतो. एकदा खुद्द शेरीफ जेवला होता तर त्यालाही छापला, आणि तो त्या दिवशी आजारी म्हणून रजेवर होता.

तुझ्या आईचं पत्र आलंय. पहिल्यांदाच तिने तुझा टाय विचारला नाही. मला म्हणते, हॉटडिशमध्ये मीठ घाल. एक तर तिला कळलंय, नाहीतर तिचे डोळे गेलेत आणि कुणीतरी अर्धवट वाचून दाखवतं. काहीही असो, तू जा. लोक विचारतात म्हणून ब्रेड आणायला तू चाळीस मैलांवरच्या गावी जातोस. तेवढ्याच पेट्रोलात थोडी भर घाल आणि विमानतळावर जा.

इर्विनने सेंटिनल विकला. मला तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, तळघरात कॉफी ओतताना माझ्या कपाला म्हणाला. म्हणतो, “व्हर्ना, त्यांनी कबूल केलंय, काही बदलणार नाही.” म्हटलं, “चॅनलवाल्यांनी पण असंच कबूल केलं असेल.”

आत्या


टॅलमन
शनिवार, २८ मार्च

आत्या,

ओरडलो त्याबद्दल माफ कर.

आईला काही कळलेलं नाही. गेल्या रविवारीच तिने विचारलं, “बातम्या कशा चालल्यात?” म्हटलं, “छान.” मग अर्धा तास मी तिला बातम्या सांगितल्या. पुलाचं काम, शाळेच्या छपराचा वाद, सगळं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. ती खूश होती, आत्या. मी हे तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

दोन ठिकाणांहून नकार आला. एकाने फोनवर प्रेमाने सांगितलं, आवाज उत्तम आहे, चेहरा जुना झालाय. बिस्मार्कला एक जागा निघणार आहे, रेडिओवर. तिथे चेहरा लागत नाही. ती मिळाली की पहिल्या विमानाने आईकडे जाईन आणि सांगेन, मी स्वतःहून बदललं. एवढं मला करू दे.

मंगळवारी येतो. मीठ जास्त घालू नकोस, आहे तसंच बरं आहे.

लायल


मेसा, अॅरिझोना
रविवार, २४ मे

प्रिय व्हर्ना,

अक्षर मॅव्हिसचं आहे, शब्द माझे.

कंबर नव्हती. यकृतात निघालंय, आणि तिथून जिथे जायचं तिथे ते गेलंय. डॉक्टर म्हणाला, पानगळीपर्यंत. मी म्हटलं, अहो, इथे पानं गळतच नाहीत. तो हसला नाही, त्यावरून ओळखलं की पानगळही लांबची असेल.

दुसरं असं की, मला फेब्रुवारीपासून सगळं माहीत आहे. मंगळवारी सहाला माझा मुलगा तुझ्या टेबलाशी बसला असेल तर टीव्हीवर कोण बसलंय? खबर वाचली आणि कॉफी तशीच राहिली. तू मुद्दाम छापलंस की घसरलीस ते मला कळलं नाही. तू घसरणाऱ्यातली नाहीस.

तो दर रविवारी फोन करतो आणि मला बातम्या सांगतो. सेंटिनल पुढ्यात धरून वाचतो, कारण मधूनच पान उलटल्याचा आवाज येतो. आठवड्याने तोच पेपर मला येतो आणि त्याने सांगितलेला शब्द न् शब्द त्यात असतो. एकट्या माझ्यासाठी वाचतो, व्हर्ना. मी मध्ये मध्ये “हो का, बाई” म्हणते. तो माझ्यासाठी खोटं बोलतो, मी त्याच्यासाठी ते खरं धरते. इतकी छान बातमी त्याने टीव्हीवरसुद्धा वाचली नसेल.

म्हणून सांगते. मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस. माझ्या आजाराचंही सांगू नकोस. पत्रात लिहू नकोस, फोनवर बोलू नकोस. तो इथे आला तर माझ्यासमोर उभं राहून त्याला खोटं बोलावं लागेल. फोनवर त्याचं तोंड दिसत नाही म्हणून मला निभतं.

संध्याकाळी मी अजून खुर्चीत बसते. पण आता तो कुठे असेल ते धरता येत नाही. मंगळवार तेवढा सोपा जातो.

तू खबर लिहीत राहा. मॅव्हिस वाचून दाखवते. ती बंद करू नकोस.

आर्डिस


बॅजर क्रीक
गुरुवार, २८ मे
सेंटिनलच्या नव्या कचेरीस

बाई किंवा बुवा, जे कोणी असाल ते,

तुमचं नाव मला माहीत नाही. इर्विन असता तर दोन वाक्यांत काम झालं असतं. मी बॅजर क्रीकची खबर पाठवते. या आठवड्यात दुसरं काही पाठवत नाही, एवढंच पाठवते. हे कापू नका, सुधारू नका, पुढच्या बुधवारवर ढकलू नका:

“पूर्वी बॅजर क्रीक इथे राहणाऱ्या श्रीमती आर्डिस टॉलफसन अॅरिझोनात मेसा इथे फार आजारी आहेत. त्यांना सगळं ठाऊक आहे. मुलाने ताबडतोब जावं.”

हे कुणी वाचायचं ते मला माहीत आहे, आणि तो दर बुधवारी आधी माझीच खबर वाचतो. तुम्हाला यातलं काही समजलं नाही तरी चालेल, छापा म्हणजे झालं.

व्हर्ना ब्रँडव्होल्ड


सेंटिनल वृत्तसमूह, ग्रामीण विभाग
मंगळवार, २ जून

आदरणीय लेखिका,

आपण आमच्या परिवाराशी जोडलेल्या आहात याचा आम्हाला आनंद आहे. आमच्या सर्व साप्ताहिकांचं रूप वाचकांच्या आवडीनुसार नवं करण्यात येत असून, या महिन्यापासून गावोगावच्या खबरी थांबवण्यात येत आहेत. त्या जागी राशिभविष्य, पाककृती व आरोग्यविषयक मजकूर येईल.

आपण पाठवलेली वैयक्तिक जाहिरात छापून हवी असल्यास सोबत दरपत्रक जोडलं आहे.

आपण आजवर दिलेल्या सहकार्याबद्दल आभार.


मेसा, अॅरिझोना
रविवार, ७ जून

आत्या,

तू बुधवारी फोन केलास तेव्हा मी बिस्मार्कला होतो, मुलाखतीला. गुरुवारी रात्री घरी आलो आणि फोनच्या यंत्रावर तुझा आवाज ऐकला. “लायल, आईकडे जा. आत्ता.” एवढंच होतं. शुक्रवारी सकाळी पहिलं विमान धरलं.

दुपारी पोचलो. ती पहाटेच गेली होती.

मॅव्हिसने दार उघडलं. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तू लायल. टीव्हीवरचा.” मग मला आत नेलं. आई पलंगावर होती. अंगावर तीच पिवळी चादर होती, बाबांच्या वेळची. मॅव्हिसने तिचे केस विंचरले होते, पण भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. मी तो बदलला. मला दुसरं काही करता आलं नाही.

काल दिवसभर इथले म्हातारे-म्हाताऱ्या भांडी झाकून काही ना काही घेऊन येत होते. प्रत्येकाला माझं नाव माहीत होतं. एका आजोबांनी हात धरून विचारलं, “तुम्ही इथे आहात, मग तिकडे बातम्या कोण वाचतंय?” म्हटलं, “एक मुलगी आहे. चांगली आहे.”

बिस्मार्कची जागा मिळाली नाही. ते आता महत्त्वाचं नाही.

आत्या, एकाच गोष्टीचं समाधान आहे. तिला कळलं नाही. शेवटपर्यंत तिच्यासाठी मी त्या खुर्चीतच होतो. आजार तिने माझ्यापासून लपवला, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून. मॅव्हिस तसंच म्हणाली. माझ्या कामात, आत्या. मी रोज दुपारी दोन वाजेपर्यंत झोपत होतो.

पण तिला कळलं नाही. बरोबर ना? तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला विचारतो.

तिला बाबांच्या शेजारी आणतोय. गुरुवारी टॅलमनला पोचू. शनिवारी दफन.

लायल


बॅजर क्रीक
बुधवार, १० जून

लायल,

हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. तू घरात शिरशील तेव्हा आधी पायाखाली येईल. उचल आणि बसून वाच.

तू विचारलंस, म्हणून सांगते. तिने सांगू नकोस म्हटलं होतं, पण ती आता माझ्याशी भांडायला यायची नाही. आली तर बरंच होईल.

तिला माहीत होतं. फेब्रुवारीतच कळलं, माझ्या खबरीतून. मंगळवारी सहाला तू माझ्याकडे जेवलास म्हणजे टीव्हीवर नव्हतास, एवढं तिला कळत होतं. रविवारी तू सेंटिनल वाचून दाखवायचास तेव्हा पान उलटल्याचा आवाज तिला ऐकू जायचा. तरी ती ‘हो का, बाई’ म्हणायची, कारण तू एकट्या तिच्यासाठी वाचत होतास. मॅव्हिसलाही सगळं माहीत आहे. तिचं ते मेचं पत्र मॅव्हिसच्याच अक्षरात आहे. दारात तुला ‘टीव्हीवरचा’ म्हणाली ती मैत्रिणीचा शब्द राखून. सगळेच शब्द राखत बसले होते.

ते पत्र मी तुला देणार आहे. माझ्याकडे ठेवायचं कारण नाही.

आता माझं. ते पत्र गुरुवारी आलं. फोन माझ्या डोक्याशी भिंतीवर आहे, हात वर केला की लागतो. मी खुर्ची ओढली आणि खबर लिहायला बसले. पत्रात लिहू नकोस, फोनवर बोलू नकोस, आणि शेवटी खबर बंद करू नकोस, असं तिने लिहिलं होतं. तुम्हा मायलेकांचे शब्द इतके सारखे की मला वाटलं, तिनेही माझ्यासाठी पेपरची वाट मुद्दाम मोकळी ठेवलीय. ती हुशार होती. तिने तसंच ठेवलं असेल, नाहीतर तिला नुसतीच खबर ऐकायची असेल, गाव दिसतं म्हणून. आता कुणाला विचारू?

तर मी बुधवारची वाट बघत बसले. छापून आलं की पोचलं, अशी माझी जन्मभराची समजूत. बुधवारी पेपर उघडला तर माझ्या जागी वृश्चिक रास होती. ‘जवळच्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोला, दिवस अनुकूल आहे.’ पेपर चुलीत घातला आणि फोन उचलला. तू बिस्मार्कला होतास. गुरुवारीच फोन केला असता तर तुला आठवडा मिळाला असता. ती बोलत होती तोवर. हे मी तुला सांगितलं नाही तरी तू कधीतरी तारखा लावल्या असत्यास, म्हणून सांगून टाकते. माझ्यावर ओरडायचं असेल तर ये. स्वयंपाकघर तेच आहे.

तू जाऊ शकत होतास. ती बोलावू शकत होती. माझ्या हाताशी फोन होता. तिघंही एकमेकांना जपत बसलो. असं जपून ठेवलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

कळलं नाही म्हणून समाधान मानशील तर ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. तू खुर्चीतून उठल्यावरही तिला तू हवा होतास. टीव्हीवरचा नाही. कडेचं कुरकुरीत मागून न घेणारा. हे ऐकून तुला रात्रभर झोप येणार नाही, माहीत आहे. मलाही येत नाही. आपण दोघं काही त्याने मरत नाही.

तुझ्या बाबांच्या, ऑरव्हिलच्या, डाव्या हाताला खणून झालंय. नेल्स फॉसने खणलं, माती अजून आतून गार आहे म्हणाला. जेवण तळघरात आहे, एन्गेबोबाईला केक करू नको असं सांगितलंय, तरी ती करणार. इर्विन येतो म्हणालाय. त्याच्याशी नीट वाग, तो माझ्याशी बोलताना अजून कपाकडेच बघतो.

पास्टरने विचारलं, आर्डिसबद्दल दोन शब्द कोण बोलणार? मी तुझं नाव दिलं. तो म्हणाला, “हो, हो, लायल म्हणजे बोलण्यातलाच माणूस.” मी म्हटलं, “तो वाचण्यातला माणूस आहे. बोलणं आमच्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही.”

तेव्हा शनिवारी कागद आणू नकोस. तिच्याकडे तोंड करून उभा राहा आणि बोल. आवाज गेला तर जाऊ दे.

आत्या